घरघर

ऑल्गा फुर्तादो रिक्षातून उतरली
तेव्हा तिच्या मांडीवर अ‍ॅम्प्लिफायर होता,
टॉवेलात गुंडाळलेला, न्हाऊ घातलेल्या पोरासारखा,
आणि पर्समध्ये, चाव्यांच्या जुडग्याशेजारी,
मुठीएवढा नवा स्पीकर.
“दोन्ही लावून दाखव,” म्हणाली,
“वाईट वाजेल तो विकते.”

कुडचडे स्टेशनसमोर माझं दुकान. एकतीस वर्षं.
तिच्या पप्पाने, इनास तारवटीने,
हा कोबे बंदरात घेतला सहासष्ट साली,
दोन पगार एकदम मोडून.
चौदा किलो. मागे सहा स्क्रू, पितळी.
उघडला तर आत तांबडी धूळ,
बोटाने नाव लिहावं इतकी.
खाणीचे ट्रक थांबून किती पावसाळे गेले,
इथे ते अजून चाललेत
ट्रान्सफॉर्मरच्या कडेकडेने, भरलेले.
ब्रशने झाडताना खोकला आला
तो तेव्हाचाच.

नव्याला स्क्रू नाही.
उलटापालटा करून पाहिला. फट नाही, झाकण नाही.
बिघडला तर?
“दुसरा येतो.”
बरोबर आहे तिचं.
मला फक्त माझी बोटं कुठे ठेवावीत कळेना.

खोटं बोलणार नाही, नवा चांगला वाजतो.
एवढ्याशा डबीत एवढा ढोल कुठून येतो
मला माहीत नाही,
आणि माहीत करून घ्यायला तो उघडत नाही.
जुन्याचे चार व्हॉल्व्ह पेटायला चाळीस सेकंद,
तेवढ्यात मी समोर चहा सांगून येतो.
संध्याकाळी व्होल्टेज पडलं
की त्याचा आवाजही खांदे पाडतो.

मग तिने पिशवीतून स्पूल काढलं.
जहाजावर निघायच्या सकाळी
पप्पाने खिडकीत रेकॉर्डर ठेवला होता,
घर बरोबर न्यायचं म्हणून.
अकरा अकरा महिने ऐकायचा.
पुढे पेन्शनीत आल्यावरही,
घरातच बसून, घर.

आधी जुन्यावर.
रगड्याचा दगड, एक कोंबडी,
लांबून पोदेराचं पों पों,
आणि सगळ्याखाली ती घरघर,
पोटाशी मांजर घेतल्यासारखी.
“हेंच,” ऑल्गा हसली.

मग तीच वायर नव्याला.
घरघर गेली.
पोदेर थेट दारात आला.
कोंबडीची पावलं मोजता आली.
आणि रगडा जिथे थांबतो,
वाटण सारायला थांबत असेल असं वाटायचं,
तिथे एक बाई रडत होती.
तोंडात कापड धरून.
मग नाक ओढलं, आणि पुन्हा दगड.

चहावर साय आली.
“माँय,” ती म्हणाली. बऱ्याच वेळाने:
“पप्पाक हें आयकूं येतालें?”

मी म्हटलं, कपॅसिटर म्हातारा झाला की
घरघर धरते, बारीक आवाज तिच्याखाली जातात.
हे खरं आहे.
कपॅसिटर एकेकाळी नवा होता,
सहासष्टात कसली घरघर, हेही खरं आहे,
ते मी सांगितलं नाही.
सांगितलं नाही की इनास इथे यायचा,
याच स्टुलावर, दहा मिनिटांवर त्याचं घर,
आणि मी विचारायचो, मशीन कसं आहे,
आणू का उघडून बघायला?
“बरें आसा,” म्हणायचा दर खेपेला. “बरें आसा.”

“ऐंशी रुपयांचा पार्ट,” मी म्हटलं. “घालू?”
ती वायर गुंडाळत राहिली,
गुंडाळून झाल्यावरही.

बिलावर लिहिलं:
धूळ काढली. घरघर तशीच.
दीडशे रुपये.

विकायचा विषय निघाला नाही.
रिक्षात तिने मांडीवर काय घेतलं ते बघायचं राहिलं,
कुणीतरी मिक्सर घेऊन आलं होतं.